काळा आजार आणि कुत्रा

काळा आजार म्हटले की बिहार, बंगाल आणि आसाम यांची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील गरीब वस्त्यांनी या रोगाचा जेवढा जाच सोसला, तेवढा फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आला असेल. दीर्घकाळ रेंगाळणारा ताप, पोटात वाढत जाणारी प्लीहा, काळवंडलेली कातडी आणि अखेर मृत्यू, असा त्याचा क्रम. परंतु या रोगाची एक दुसरी शाखा आहे. ती भूमध्य समुद्राच्या काठाने आणि दक्षिण अमेरिकेत पसरलेली आहे, आणि तेथे रोगाचा मुख्य वाहक माणूस नसून त्याच्या दाराशी बसलेला कुत्रा आहे. या कुत्र्याचे काय करावे, त्याला मारावे, औषध द्यावे, की त्याच्याच शरीराला रोगाशी झुंजण्यास शिकवावे, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे वैद्यकाला आणि राज्यकर्त्यांना भेडसावीत आला आहे. यांतील तिसऱ्या मार्गाला प्रतिकारचिकित्सा म्हणतात.

रोगाचा जंतू सापडला तो हिंदुस्थानाच्या संबंधानेच. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत राहून मायदेशी परतलेला एक गोरा सैनिक १९०० साली इंग्लंडातील नेटली येथील लष्करी रुग्णालयात मरण पावला. विल्यम लीशमन या डॉक्टराने त्याच्या प्लीहेचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला बारीक अंडाकृती कण दिसले. त्याने आपले निरीक्षण १९०३ च्या मे महिन्यात प्रसिद्ध केले. त्यानंतर अवघ्या दीड महिन्यात मद्रास येथे काम करणाऱ्या चार्ल्स डोनोव्हन याचाही तसाच वृत्तांत छापून आला. श्रेय कोणाचे, यावर वाद माजण्याची चिन्हे दिसू लागली. हिवतापाचे कोडे उलगडणाऱ्या रोनाल्ड रॉसने परजीवीला ‘लीशमानिया डोनोव्हानी’ असे नाव देऊन दोघांनाही त्यात सामावून घेतले. न्यायाधीशाने तडजोड घडवून आणावी, तसाच हा निवाडा होता.

पाच वर्षांनी, १९०८ साली, ट्यूनिस येथील पाश्चर संस्थेचा संचालक शार्ल निकोल याच्यासमोर वेगळेच दृश्य होते. तेथे हा रोग लहान मुलांना होत असे. म्हणून त्याने तेथील परजीवीला बालकवाचक ‘इन्फान्टम’ हे नाव दिले. रोगी मुलांच्या आसपास काय आहे याचा शोध घेताना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने कुत्रे तपासले, आणि त्यांच्या शरीरात तोच परजीवी निघाला. मुलाचा रोग कुत्र्याच्या आश्रयाने टिकून राहतो, ही कल्पना त्या दिवसापासून रूढ झाली. मधला दुवा मात्र बराच काळ अंधारात होता. वाळूमाशी नावाचा, डासाहूनही लहान असा एक कीटक हा परजीवी एका देहातून दुसऱ्या देहात नेतो, हे निर्विवादपणे सिद्ध झाले ते भारतात, १९४२ साली. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना संसर्गित वाळूमाश्या चावू देऊन रोग उत्पन्न होतो असे दाखवून दिले. विदर्भातील लोकांना ही माशी आणखी एका कारणासाठी परिचित आहे. नागपूरकडील चांदीपुरा गावाचे नाव ज्या विषाणूला मिळाले, जो १९६५ साली ओळखला गेला, त्याचा प्रसारही हीच जात करते.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. भारतातील काळा आजार माशीच्या द्वारे माणसाकडून माणसाकडे जातो. कुत्र्याचा त्यात महत्त्वाचा भाग असल्याचे आढळलेले नाही. तेव्हा बिहारमधील किंवा महाराष्ट्रातील कोणी या वृत्तांतावरून आपल्या अंगणातल्या कुत्र्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. जो अपराध कुत्र्याच्या माथी येतो, तो स्पेन, इटली, ट्यूनिशिया आणि ब्राझील या देशांतला.

तेथील रोगी कुत्रा एकदा पाहिला की विसरणे कठीण. डोळ्यांभोवतीचे केस गळून चष्मा घातल्यासारखी वर्तुळे उमटतात, कातडीचा कोंडा पडतो, गाठी सुजतात, नखे वाकडीतिकडी वाढत जातात, मधूनच नाकातून रक्त येते. अन्न खात असतानाही तो सुकत जातो आणि बहुधा मूत्रपिंडे निकामी होऊन मरतो. मूत्रपिंडांचा हा नाश परजीवी स्वतः करीत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने जे प्रतिपिंड भरमसाट निर्माण केलेले असतात, त्यांचाच साका मूत्रपिंडांच्या नाजूक गाळण्यांत अडकून बसतो. शत्रूवर सोडलेल्या बाणांनी आपलेच घर विंधून निघावे, तशी ही अवस्था.

या विचित्र गोष्टीचा अर्थ कळण्यासाठी १९०८ सालाकडेच पुन्हा वळावे लागते. निकोलने ट्यूनिसमध्ये कुत्र्याला पकडले, त्याच वर्षी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन प्रतिस्पर्धी पंथांच्या अग्रणींना विभागून देण्यात आले. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ याचे म्हणणे असे की, शरीराचे रक्षण जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी करतात. जर्मन शास्त्रज्ञ एर्लिख याचा भर रक्तरसातील प्रतिपिंडांवर होता. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. पण कोणत्या शत्रूशी कोणत्या शस्त्राने लढावे, हे शरीराला नेमके साधावे लागते. लीशमानिया हा परजीवी राहतो कोठे, तर प्रत्यक्ष भक्षक पेशीच्या पोटात. पहारेकऱ्याच्या चौकीतच चोराने बिऱ्हाड थाटलेले असते. तेथवर प्रतिपिंडांचा हात पोहोचत नाही. भक्षक पेशीला आतून चेतवून, तिच्याकडूनच आपल्या पोटातल्या पाहुण्याचा निकाल लावणे हाच खरा उपाय, आणि तो आदेश देणाऱ्या पेशी निराळ्या असतात. १९८० नंतरच्या दशकात उंदरांवरील प्रयोगांत हे फार स्वच्छ दिसले. ज्या उंदरांत पेशींचा आदेश योग्य वळणाचा असतो ते बरे होतात. ज्यांत केवळ प्रतिपिंडांची रेलचेल होते ते मरतात. कुत्र्यांतही असाच भेद आहे. स्पेनच्या इबिझा बेटावरील शिकारी जातीच्या कुत्र्यांना माश्या भरपूर चावतात, संसर्गही होतो, पण ती सहसा आजारी पडत नाहीत. परजीवीला दाबून ठेवणारा पेशींचा प्रतिसाद त्यांच्यात जोरकस असल्याचे शतकाच्या वळणावर झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणजे संसर्ग वेगळा आणि रोग वेगळा.

औषधे नव्हती असे नाही. अँटिमनी या धातूचा वैद्यकातील उपयोग ब्राझीलच्या गास्पार व्हियाना याने १९१२ साली कातडीच्या लीशमानियासाठी केला. कलकत्त्यात उपेन्द्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० साली अपुऱ्या साधनांनिशी यूरिया स्टिबामाईन तयार केले आणि आसामातील हजारो माणसांचे प्राण वाचवले. ब्रह्मचारींना जे यश माणसांत लाभले, ते कुत्र्यांत मात्र हुलकावणी देत राहिले. अँटिमनीची इंजेक्शने दिली, पुढे पुढे ॲलोप्युरिनॉलच्या गोळ्या महिनोन्‌महिने चारल्या, की कुत्रा टवटवीत होतो, केस उगवतात, भूक सुधारते. परंतु अस्थिमज्जेत आणि गाठींत थोडे परजीवी दडून उरतातच. औषध थांबले की काही महिन्यांनी पुन्हा तीच नखे आणि तोच कोंडा. औषध परजीवींची संख्या घटवते. उरलेल्यांचा बंदोबस्त शरीराने करावा लागतो, आणि रोगी कुत्र्याचे शरीर नेमके त्याच कामी चुकलेले असते.

मग त्या शरीरालाच वळण लावता येईल काय? लस ही निरोग्याला द्यायची, आणि औषध रोग्याला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण लुई पाश्चरने १८८५ साली जी पहिली पिसाळरोगाची लस टोचली, ती कुत्रा चावल्यानंतर टोचली होती. कसौली येथील पाश्चर संस्था १९०० साली निघाली तीही चावलेल्यांसाठीच. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती महाराष्ट्रातील घराघरांत पुढे कित्येक वर्षे होती. विषाणू मेंदूकडे सावकाश चढत असतो तोवर लसीने शरीर सावध करून शर्यत जिंकायची, ही ती युक्ती. मात्र प्रत्येक रोगात ती साधेलच असे नाही. रॉबर्ट कॉख याने १८९० साली क्षयावर ट्युबरक्युलीन हा असाच उपाय जाहीर केला, रोग्यांची झुंबड उडाली, आणि थोड्याच अवधीत सर्वांची निराशा झाली. त्यानंतर लसीने रोग बरा करण्याची भाषा वैद्यक जपूनच करू लागले, आणि ते योग्यच झाले.

लीशमानियाच्या बाबतीत लोकांचा अनुभव मात्र शास्त्राच्या पुढे होता. कातडीवर होणाऱ्या फोडाचा एक प्रकार पश्चिम आशियात सर्रास आढळतो. एकदा फोड होऊन बरा झाला की पुन्हा होत नाही, हे तेथील आयांनी हेरले होते. मुलीच्या चेहऱ्यावर पुढे व्रण राहू नये म्हणून त्या लहानपणीच तिच्या झाकल्या अंगावर दुसऱ्याच्या फोडातील द्रव टोचीत. या प्रथेला पुढे शास्त्रीय रूप मिळाले, आणि इराणने इराकशी चाललेल्या युद्धाच्या काळात ती मोठ्या प्रमाणावर राबवली. व्हेनेझुएलातील याकिंतो कॉन्विट यांनी आणखी एक पाऊल टाकले. कुष्ठरोगावर काम करीत असता त्यांनी मारलेले जंतू आणि क्षयाची बीसीजी लस यांचे मिश्रण वापरले होते. तीच रीत त्यांनी कातडीच्या लीशमानियाला लावली. १९८७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या तुलनेत केवळ लस टोचलेले रोगी अँटिमनी घेतलेल्यांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले होते. औषधाचे विषारी परिणाम मात्र त्यांना सोसावे लागले नाहीत. लसीने रोग बरा होतो, हे या परजीवीपुरते तरी मान्य करणे भाग पडले.

कुत्र्यांच्या दृष्टीने या विद्येची कसोटी ब्राझीलमध्ये लागली, आणि ती समजण्यासाठी तेथील कारभाराचा इतिहास पाहावा लागतो. १९३४ साली एनरिकी पेना हा संशोधक पीतज्वराच्या तपासासाठी मृतांच्या यकृताचे तुकडे पाहत होता. त्यांत त्याला ४१ तुकड्यांत लीशमानिया सापडला. म्हणजे लोक या रोगाने मरत होते आणि त्याचा कोणाला पत्ताही नव्हता. १९५० नंतर सेआरा या दुष्काळी प्रांतात लेओनिदास दिआनी आणि मारिया दिआनी या दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रे आणि कोल्हे यांच्या कातडीत परजीवींचा मोठा साठा दाखवून दिला. शासनाने त्यावरून निष्कर्ष काढला, आणि १९६३ साली हुकूम निघाला की रक्ततपासणीत सदोष ठरलेले कुत्रे नष्ट करावेत.

हा हुकूम क्रौर्यातून जन्मला नव्हता. मरणारी बहुतेक मुले गरिबांची होती, औषध महाग होते, आणि कुत्र्यात ते पुरते लागू पडत नव्हते. अधिकाऱ्यासमोर मुलाचा जीव आणि कुत्र्याचा जीव असे दोन्ही ठेवले, तर त्याने कोणाची निवड करावी हे सांगायला नको. प्रश्न उपस्थित होतो तो एवढाच, की कुत्रा मारल्याने मूल वाचते काय? एस्पिरितु सांतु प्रांतातील १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कुत्रे काढून टाकलेल्या आणि न टाकलेल्या भागांत फरक दिसला नाही. बाहिया प्रांतातील जाकोबिना येथे पुढल्याच वर्षी काही प्रमाणात उपयोग झाल्याचे नोंदले गेले. रक्ताचा नमुना घेणे आणि कुत्रा प्रत्यक्ष उचलणे यांत आठवडे, कधी महिने जात. तोवर माश्यांचे काम चालूच असे. काही मालक कुत्रा लपवीत. आणि ज्यांचा कुत्रा नेला, त्यांतले पुष्कळ जण नवे पिल्लू आणीत. साओ पाउलो प्रांतातील अरासातूबा शहरात हे पद्धतशीरपणे पाहण्यात आले, तेव्हा नव्याने आणलेल्या कुत्र्यांपैकीही काही लागण झालेले निघाले. जुना जाऊन कोरे, प्रतिकार नसलेले पिल्लू येणे म्हणजे परजीवीला नवे रान मोकळे करून देणे होय. या सर्व वर्षांत रोग खेड्यांतून शहरांत शिरला; १९८० नंतर तेरेसिना, त्याच्या पुढल्या दशकात बेलू ओरिझाँची यांसारखी मोठी नगरे त्याच्या कक्षेत आली.

कुत्र्यांसंबंधीचा सरकारी हुकूम आणि लोकांचे मन यांची गाठ पडली की काय होते, याची एक आठवण मुंबईच्या इतिहासातही आहे. १८३२ च्या जून महिन्यात भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून कोटात दंगल उसळली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठरल्याने पकडणारे घरांच्या आवारातही शिरू लागले होते. पारशी समाज मुख्यतः पुढे होता, पण इतरही त्यात मिळाले, आणि शहराचा व्यवहार ठप्प झाला. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमिचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल न टाकणाऱ्या युधिष्ठिराची कथा ज्या समाजात लहानपणापासून कानी पडते, त्याला ब्राझीलमधील मालकाची लपवाछपवी निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

ब्राझीलमध्ये कुत्र्याच्या बाजूने उभे राहण्यास शास्त्रीय आधार मिळाला तो रिओ दि जानेरोच्या विद्यापीठातून. तेथे क्लारिसा पालातनिक द सौझा आणि त्यांचे सहकारी यांनी परजीवीच्या पृष्ठभागावरील एक शर्करायुक्त प्रथिन वेगळे केले, आणि त्यात सॅपोनिन मिसळून लस बनवली. सॅपोनिन हे रिठ्यातही असते. पाण्यात हलवले की फेस येतो तो त्याचाच. लसीसाठीचे सॅपोनिन चिली देशातील किलाया वृक्षाच्या सालीतून काढतात. त्याचा विशेष असा की, ते शरीराला प्रतिपिंडांपेक्षा पेशींच्या लढ्याकडे अधिक वळवते. ही लस २००४ च्या सुमारास निरोगी कुत्र्यांसाठी बाजारात आली. ती रोगी कुत्र्यांना देऊन पाहावी, ही कल्पना सुचण्यास वेळ लागला नाही. सॅपोनिनचे प्रमाण दुप्पट करून ती लागण झालेल्या कुत्र्यांना टोचण्यात आली. २००७ आणि २०१० साली जे अहवाल प्रसिद्ध झाले, त्यांत रोगाची लक्षणे ओसरली, परजीवी घटले आणि त्याच्या अंशाने कातडीवर उठणारी प्रतिक्रिया पुन्हा दिसू लागली, म्हणजे पेशी जाग्या झाल्या, असे नमूद होते. औषधाची जोड दिली तेव्हा निकाल अधिक चांगला होता. बाहियाची राजधानी साल्व्हादोर येथे एका अमेरिकन संस्थेत बनवलेल्या संमिश्र प्रथिनाच्या लसीचेही असेच प्रयोग झाले, आणि त्यांतून एक महत्त्वाची मर्यादा स्पष्ट झाली. रोग सौम्य असताना लस उपयोगी पडते. मूत्रपिंडे खचलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या कुत्र्याला ती तारू शकत नाही.

शासनाची भूमिका मात्र याच काळात अधिक कडक झाली होती. २००८ साली ब्राझीलच्या दोन मंत्रालयांनी मिळून, माणसांसाठी असलेली औषधे कुत्र्यांना देण्यास मनाई केली. अर्धवट उपचारातून औषधाला न जुमानणारे परजीवी निपजतील आणि ते माणसांत शिरतील, ही त्यामागील भीती होती. ती निराधार नव्हती. बिहारमध्ये अँटिमनी निष्प्रभ झाल्याचे उदाहरण जगापुढे होतेच. मालक न्यायालयात गेले, पशुवैद्यांनी लपून उपचार केले, आणि अखेर २०१६ साली मिल्टेफोसीन हे औषध कुत्र्यांसाठी वापरण्यास परवानगी मिळाली. भारतात हेच औषध २००२ साली माणसांच्या काळ्या आजारासाठी मान्य झाले होते. लसींचे दैव मात्र तितके चांगले नव्हते. पहिली लस मोठ्या प्रमाणावरील चाचणीच्या अटी पुऱ्या करू न शकल्याने २०१४ साली बाजारातून गेली. प्रयोगशाळेत जे दिसते ते गल्लीबोळांतील हजारो कुत्र्यांत दाखवून देणे ही निराळीच कामगिरी असते, आणि तिला लागणारा पैसा व चिकाटी विद्यापीठाच्या खोलीत सहसा नसतात.

युरोपात दरम्यान वेगळ्या दिशेने प्रयत्न झाले. स्पेनमध्ये डोम्पेरिडोन हे ओकारी थांबवणारे साधे औषध कुत्र्यांच्या प्रतिकाराला उत्तेजन देण्यासाठी वापरले जाऊ लागले. ते प्रोलॅक्टिन नावाच्या अंतःस्रावात वाढ करते आणि त्याच्याद्वारे भक्षक पेशींना चेतवते. २०११ पासून युरोपात लसीही आल्या, पण त्यांचा परवाना निरोगी कुत्र्यांपुरताच आहे.

उरला एक देश, जेथे हा रोग असेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. १९९९ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कोल्ह्यांच्या शिकारीसाठी पाळलेल्या फॉक्सहाउंड कुत्र्यांचा एक तांडा आजारी पडला, आणि तपासात लीशमानिया निघाला. पुढील शोधात १८ राज्यांतील अशा कुत्र्यांत तो आढळला. तेथे पसरवणारी माशी शोधूनही कारण सापडेना. बऱ्याच पिल्लांना तो आईच्या गर्भातूनच मिळत होता. हे कुत्रे मौल्यवान, मालक धनिक, आणि मारण्याचा हुकूम नाही. त्यामुळे ब्राझीलमध्ये जे शक्य नव्हते ते येथे झाले. लागण झालेल्या पण अजून आजारी न पडलेल्या कुत्र्यांना ब्राझीलचीच दुसरी एक लस, निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना नुसती नावापुरती, कोणाला कोणती दिली हे कोणालाही कळू न देता टोचण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात खरी लस मिळालेल्या कुत्र्यांत रोग बळावण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी होते. तरुण कुत्र्यांना लाभ अधिक झाला होता. लागण झाली, पण रोग उद्भवला नाही, हाच प्रतिकारचिकित्सेचा योग्य मुहूर्त, असे त्यातून दिसले. या लसीची विक्री ब्राझीलमध्ये २०२३ साली बंद करण्यात आली. काही साठ्यांत मूळ प्रथिनाचे प्रमाण ठरल्यापेक्षा कमी भरल्याचे तपासणीत आढळले होते.